लाल इशारा जिल्ह्याला मिळतो, पाणी अंगणात येते: घर केव्हा सोडायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या साखळी गावाजवळ, वाळवंटी नदीच्या काठाला लागून असलेल्या वाड्यावर तुम्ही घर घेतले. घरी दोन शाळकरी मुले आणि आई. आईला आधाराशिवाय चालता येत नाही आणि रोज इन्सुलिन घ्यावे लागते. पावसाळ्यात फोनवर एकामागून एक इशारे येतात, बहुतेक वेळा काहीच घडत नाही, त्यामुळे ते वाचणे तुम्ही सोडून दिले आहे. उलट एका रात्री शेजाऱ्यांनी सामान माळ्यावर चढवले आणि तुमच्यापर्यंत मात्र कसलाच निरोप पोचला नव्हता. म्हणून तुम्ही विचारता: कोणते ॲप खरे मानायचे, आमच्याकडे सायरन का नाही, आणि घरात काय काय तयार ठेवायचे?

मी अग्निशमन सेवेतून निवृत्त झालो. आता पावसाच्या आधी गावोगावी स्वयंसेवकांना शिकवायला जातो. तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, पण त्याआधी तुम्ही न विचारलेला एक प्रश्न. कोणती खूण दिसली की तुम्ही घर सोडणार, आईला कोण उचलणार आणि तिला कुठे नेणार? हे ठरलेले नसेल तर चांगल्यात चांगले ॲपही तुम्हाला फक्त घाबरवेल. ठरलेले असेल तर साधा एक फोनही पुरतो.

आधी इशाऱ्यांबद्दल, कारण तुमचा विश्वास तिथेच उडाला आहे. हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल हा रंग पूर्ण जिल्ह्यासाठी असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. त्यामागे पावसाचे आकडे आहेत: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’. पण उत्तर गोवा म्हणजे पेडण्याच्या किनाऱ्यापासून सत्तरीच्या घाटापर्यंतचा पट्टा. लाल इशारा खरा ठरू शकतो, पाऊस खरोखर कोसळू शकतो, आणि तरीही तो मोरजी-हरमलच्या बाजूला पडून वाळवंटी शांत राहू शकते. तुम्हाला तो इशारा फुकट गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो पावसाचा इशारा होता, तुमच्या नदीच्या पुराचा नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या की बरीचशी चिडचिड कमी होते.

तुमच्या अंगणातले पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगातून येत नाही. ते वरून, चोर्ला-केरीच्या डोंगरातून येते. साखळीत नुसती रिमझिम असताना वर तासभर धो धो पडला तर नदी काही तासांत चढते. म्हणून रंग पाहून झाला की मी नेहमी वरच्या सत्तरी तालुक्याकडे बघायला सांगतो. तिथल्या वाळपईला काल किती पडला? गोव्यात पाऊस जास्त पडणाऱ्या ठिकाणांत वाळपई आणि सांगे ही नावे वारंवार येतात, आणि तुमच्या दृष्टीने वाळपईचा आकडा पणजीच्या आकड्यापेक्षा कितीतरी कामाचा आहे. हा आकडा सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा असतो, म्हणजे जमीन किती भिजून गच्च झाली आहे ते त्यावरून कळते. जमीन आधीच तुडुंब असताना पडणारा पाऊस मुरत नाही, सरळ व्हाळात, म्हणजे ओढ्यात उतरतो. पुढच्या काही तासांसाठी मात्र खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि पणजीच्या रडारचे चित्र पाहावे. लाल-जांभळे ठिपके घाटाला चिकटून तिथेच थांबलेले दिसले तर सावध व्हा. पुढे सरकणारी सर निघून जाते, अडकून राहिलेली सर नदी भरते.

दुसरी गोष्ट धरणाची. तुमच्या वर अंजुणे धरण आहे. त्याचे दरवाजे उघडायचे असतील तेव्हा केरी, मोर्ले, पर्ये, हरवळे, साखळी या भागाला आधी सूचना दिली जाते. ही सूचना हवामानाच्या रंगापेक्षा तुमच्या बाबतीत जास्त नेमकी, म्हणून ती कधीही दुर्लक्षू नका. पेडणे आणि डिचोलीच्या उत्तर टोकाला हीच गोष्ट तिळारीची. धरण महाराष्ट्रात, दोडामार्गात, आणि पाणी इकडे साळ, इब्रामपूरच्या बाजूला येते. ऑगस्ट २०१९ मध्ये ते या गावांनी भोगले आहे. तिथल्या माणसाने दोडामार्गच्या पावसावर नजर ठेवायला हवी, तुम्ही केरीवर.

तिसरी गोष्ट भरतीची, जी किनाऱ्यापासून दूर राहणारे विसरतात. वाळवंटीचे पाणी पुढे मांडवीला मिळते, आणि मांडवीत समुद्राची भरती खूप आतपर्यंत चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते. त्याच वेळी वरून पूर आला तर खालचे पाणी वरच्या पाण्याला वाट देत नाही आणि ते पसरते. भरतीच्या वेळा मासेमारी करणाऱ्यांना तोंडपाठ असतात, वर्तमानपत्रात आणि फोनवरही मिळतात. पावसाळ्यात त्या भिंतीवर लावून ठेवा. जोरदार पाऊस, वर धरण भरलेले आणि मध्यरात्रीची मोठी भरती हे तिन्ही एकत्र येत असतील तर त्या रात्री आईला आधीच हलवा, मग रंग नारिंगी असो की लाल.

२३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली, फोंडा आणि धारबांदोड्याच्या गावांतून पाणी शिरले. त्याच दिवशी दूधसागरजवळ दरड कोसळल्याने रेल्वे रुळावरून घसरली होती. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी त्या पुराला १९८२ नंतरचा सर्वांत भीषण म्हटले होते. तुमच्या वाड्यावरच्या जाणत्या माणसांना विचारा की त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आले होते. कुणाच्या भिंतीवर अजून रेघ दिसत असेल, कुणी दाराच्या चौकटीवर खूण केलेली असेल. अशा रेघेपेक्षा मोलाची माहिती कोणतेही खाते तुमच्या घरापुरती देऊ शकत नाही. आणि पावसाचे भान केवळ जुलैपुरते ठेवू नका. काणकोणात २ ऑक्टोबर २००९ ला आलेला पूर, लोक पावसाळा संपला असे समजत असताना आला होता.

आता ॲपचे. एकच खरे आणि बाकी खोटी असे नाही, त्यांची कामे वेगळी आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे ठेवाच. हवामान, पूर, वीज यांचे अधिकृत इशारे त्यात एकत्र मिळतात आणि ते आपल्या भाषेत वाचता येतात. त्याच यंत्रणेतून काही इशारे साध्या एसएमएसनेही येतात. हवामान खात्याचे ‘मौसम’ रंग आणि अंदाजासाठी. ‘दामिनी’ विजेसाठी, तुमच्या आसपास वीज पडण्याचा धोका ते सांगते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात, शेतात किंवा कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) कामाला जाणाऱ्यांना त्याचा उपयोग सर्वांत जास्त. समुद्राकाठच्या लोकांसाठी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचे उंच लाटांचे आणि त्सुनामीचे इशारे महत्त्वाचे, तुम्हाला त्यांची फारशी गरज नाही. यापलीकडे काही लागत नाही. पंधरा ॲप घेतलीत तर पुन्हा काहीच वाचणार नाही.

याशिवाय फोनमध्ये एक सोय आधीपासून असते. २०२३ मध्ये अचानक मोठा आवाज करत आणीबाणीचा चाचणी संदेश फोनवर आला होता, तो आठवत असेल. टॉवरच्या पट्ट्यातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी जाणारा संदेश असतो तो, त्यासाठी नंबर नोंदवावा लागत नाही आणि लाईन गर्दीने तुंबली तरी तो सहसा अडत नाही. अनेकांनी आवाजाला कंटाळून सेटिंगमध्ये जाऊन तो बंद केला आहे. तुमच्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ चालू आहे का ते आजच पाहा.

पण फोन हा एकच दोर आहे, तो तुटतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडे आणि खांब पडून कित्येक भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास चालते, मग रेंज जाते, आणि ज्या रात्री इशारा सर्वांत गरजेचा त्याच रात्री फोन मुका होतो. म्हणून सुट्या सेलवर चालणारा एक लहान रेडिओ घरात असलाच पाहिजे. आकाशवाणी पणजीचे केंद्र आधीच लावून बघा, कुठल्या खोलीत चांगले ऐकू येते ते माहीत करून ठेवा. हे सांगतो तेव्हा तरुण मुलांना जुनाट वाटते. पण वादळात रेंज गेल्यावर बाहेरची खात्रीची बातमी घरबसल्या देणारे दुसरे साधन सामान्य घरात नसते.

सायरनबद्दल. गोव्यात चक्रीवादळाच्या धोक्यासाठी राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाखाली किनारपट्टीवर पूर्वसूचनेचे मनोरे उभे केले आहेत. ते समुद्राकडून येणाऱ्या संकटासाठी आहेत, नदीकाठच्या गावांसाठी नाहीत. म्हणून तुमच्याकडे सायरन नाही, यात तुमच्या वाड्याकडे मुद्दाम केलेले दुर्लक्ष शोधू नका. शिवाय सायरन असल्याने सगळे सुटते असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पर्वरीत असाच सायरन रात्री काही वेळ वाजत राहिला, लोक घाबरून घराबाहेर आले, आणि नंतर कळले की धोका काहीच नव्हता. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यातही सायरन वाजले. खाली-वर होत जाणारा आवाज धोक्याचा आणि एकसारखा लांब आवाज धोका टळल्याचा. हे त्या दिवशी सांगितले गेले, पण वाड्यावर किती जणांना आज आठवते? सायरन फक्त एवढे सांगतो: थांबा आणि नीट ऐका. काय झाले आणि काय करायचे हे दुसऱ्या कुणीतरी सांगावे लागते.

ते सांगणारे माणूस वाड्यावर असावे लागते. माझ्या कामात मी सर्वांत जास्त वेळ यावरच घालवतो.

पावसाआधी पाच-सहा घरांनी एकत्र बसावे. नदीच्या घाटाची एखादी पायरी, पुलाच्या खांबाचा एखादा दगड, व्हाळावरच्या साकवाची (लहान पुलाची) खालची कड, अशी एक खूण निवडा जी रात्री टॉर्चच्या उजेडातही लांबून दिसेल. तिच्यावर रंगाचा पट्टा मारा. खाली एक पिवळा, त्याच्या वर एक लाल. पिवळ्याला पाणी लागले की सामान वर चढवायचे, वाहने उंचावर नेऊन ठेवायची, गुरे सोडायची. लालला लागले की माणसांनी निघायचे. दोन पट्ट्यांत किती अंतर ठेवायचे? हे ठिकाणावर अवलंबून आहे, मी येथून सांगू शकत नाही. जुन्या लोकांना विचारा की त्या खुणेपासून अंगणात पाणी यायला साधारण किती वेळ लागला होता. आईला बाहेर काढून गाडीत बसवायला तुम्हाला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ हातात राहील अशा जागी लाल पट्टा हवा. आणि हे एकदा खरोखर करून पाहा, कागदावर नाही. खुर्चीत बसवून दोन जणांनी आईला गेटपर्यंत न्यायचे आणि घड्याळ पाहायचे. रात्री आणि पावसात याहून जास्त वेळ लागतो, हे धरून चाला.

खूण पाहायला जायचे कुणी? लाल इशाऱ्याच्या रात्री दोघांनी आळीपाळीने, आणि काठावर उतरून नव्हे, लांबूनच टॉर्च मारून. नदीकडे एकटे कुणी जायचे नाही हा नियम घालाच.

निरोप कसा द्यायचा? आपल्याकडे लगेच व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. ग्रुप ठेवा, पण झोपलेला माणूस ग्रुप वाचत नाही. प्रत्येकाने दोन घरांची जबाबदारी घ्यायची आणि त्यांच्या दारावर जाऊन थाप द्यायची, आतून उत्तर मिळेपर्यंत. देवळाची घंटा एका ठरलेल्या पद्धतीने वाजवायची. आरतीची घंटा आणि ही घंटा ऐकताक्षणी वेगळी कळली पाहिजे, म्हणून देवस्थान समितीला आधी विश्वासात घ्या आणि मेमध्ये एकदा सगळ्यांना ऐकवून ठेवा.

निरोपाच्या या साखळीतून कोण सुटतात ते सांगतो, कारण पुरात सर्वांत वाईट अवस्था त्यांचीच होते. एक, भाड्याने राहणारे कामगार. त्यांच्या खोल्या बहुधा सखल जागी असतात, आपल्या ग्रुपात त्यांचे नंबर नसतात, मराठी-कोकणी त्यांना पुरते कळत नाही. त्यांच्यातला एकजण तरी तुमच्या निरोपाच्या साखळीत हवा, आणि खूण कुठे आहे ते त्याला प्रत्यक्ष नेऊन दाखवा. दोन, एकटे राहणारे वृद्ध, ज्यांची मुले परदेशात आहेत. तीन, चतुर्थीच्या दिवसांत गावच्या मूळ घरी आलेले पाहुणे. त्या आठवड्यात बंद घरे उघडतात, उघडी घरे बंद होतात, माणसे दुप्पट होतात आणि कोण कुठे आहे याचा जमाखर्च चुकतो. चतुर्थी बहुधा पावसातच येते, तेव्हा त्या आठवड्यापुरती यादी पुन्हा लिहा.

इथपर्यंतचे थोडक्यात: रंग पाहून तयारी, वरचा पाऊस, धरण आणि भरती पाहून निर्णय, पट्टा पाहून कृती. यांपैकी पट्टा सर्वांत शेवटी बोलतो, पण तो फक्त तुमच्यासाठी बोलतो.

काही खुणांसाठी मात्र कुणाच्या निरोपाची वाट पाहायची नाही. व्हाळाचे पाणी अचानक कमी झाले, तर वर कुठेतरी दरडीने किंवा पडलेल्या झाडांनी बांध घातलेला असू शकतो, आणि तो फुटला की सगळे एकदम येते. पाण्यात मोडलेल्या फांद्या, ओंडके, पाने एकदम वाढली, घरघर ऐकू आली, तर लगेच उंचावर. पाणी तांबडे होणे ही खूण बाकी ठिकाणी चालते, पण डिचोलीत खाणींच्या ढिगाऱ्यांची माती पहिल्या सरीपासूनच व्हाळ तांबडे करते, म्हणून रंगापेक्षा लाकूडफाटा पाहा. तुमच्या वर जुना खाणीचा खंदक पाण्याने भरलेला असेल तर त्याची माहिती पंचायतीत आधीच देऊन ठेवा.

एक गोष्ट मला तुमच्या प्रश्नावरून कळली नाही: घराच्या मागे डोंगर कापलेला आहे का? असेल तर तुमचा धोका वेगळा आहे. जमिनीला नवी भेग, तिरके होत चाललेले झाड किंवा विजेचा खांब, अचानक घट्ट बसू लागलेले दार, भिंतीतून झिरपणारे गढूळ पाणी, या दरडीच्या खुणा. अशा घरात पुराच्या भीतीने माळ्यावर चढून बसणे उपयोगाचे नाही. डोंगराच्या बाजूच्या खोलीत झोपू नका आणि खूण दिसताच दुसऱ्या घरी जा.

मदत कशी मागायची, याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण वेळ सर्वांत जास्त इथे वाया जातो. ११२ हा सर्वसाधारण तातडीचा क्रमांक, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती कक्ष, १०७० राज्याचा. फोन लागला की माणूस आधी ‘लवकर या, पाणी आले’ एवढेच बोलतो. गाडी निघते आणि मग घर सापडत नाही. आपल्याकडे घर क्रमांक ओळीने नसतात, आणि देऊळवाडा, गावकरवाडा ही नावे कित्येक गावांत आहेत. नुसते ‘देऊळवाड्यावर या’ म्हटले तर गाडी भलत्या गावात जाऊ शकते. म्हणून सर्वप्रथम तालुका, मग गाव, मग वाडा, मग सगळ्यांना ठाऊक असलेली खूण: शाळा, रेशनचे दुकान, देऊळ, आणि त्यापासून घर कोणत्या बाजूला. नंतर किती माणसे, त्यांत चालता न येणारे कोण, पाणी घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत, आणि चढत आहे की स्थिर. कोणत्या रस्त्याने गाडी येऊ शकत नाही तेही सांगा, तुम्हाला ते माहीत असते, चालकाला नसते. हे सगळे मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ भिंतीवर चिकटवा, म्हणजे मूल फोन करत असेल तरी वाचून सांगू शकेल. मुलांकडून एकदा वाचून घ्या.

घरातली तयारी. पिशवी एकच, पाठीवर अडकवता येणारी, दाराजवळच्या उंच खुंटीवर. तिच्यात आईची आठ दिवसांची औषधे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीची प्रत, आधार, रेशनकार्ड आणि घराची कागदपत्रे प्लास्टिकमध्ये, टॉर्च, रेडिओ, सुटे सेल, भरलेली पॉवर बँक, शिटी, थोडी सुटी रोकड, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे. इन्सुलिनची काळजी बऱ्याच घरांत वीज गेल्यावरच सुरू होते. वापरात असलेली कुपी बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली साधारण २८ दिवस बाहेर चालते. तुमच्या कुपीचे माहितीपत्रक पाहून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. न उघडलेल्या कुप्यांसाठी मातीच्या मडक्यात कोरड्या डब्यात ठेवण्याची जुनी सोय चांगली आहे. बर्फाला चिकटून ठेवू नका, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

पाणी आत येण्याआधी मेन स्विच बंद करायचा. पाय पाण्यात असताना स्विच किंवा बोर्डाला हात लावायचा नाही, हे मुलांना वारंवार सांगा. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर ठेवलेली असते, ती आजच उंचावर बसवून घ्या. गॅस सिलिंडर पाण्यात तरंगतो आणि नळी ओढतो, म्हणून रेग्युलेटर काढून तो बांधून ठेवा. गुरे असतील तर दावे सोडा. बांधलेल्या गुराचा जीव वाचवायला परत गेलेला माणूस हा माझ्या कामात वारंवार भेटणारा बळी आहे.

गाडीबद्दल हट्ट करू नका. वाहत्या पाण्यात ३० सेंटिमीटर खोली बऱ्याच मोटारी उचलायला पुरते, आणि वेगाच्या पाण्यात त्याच्या निम्म्या खोलीतही माणसाचा तोल जातो. साकवावरून पाणी जात असेल तर गाडी अलीकडेच थांबवा. त्यासाठीच आईला नेण्याची जागा नदीच्या याच बाजूला हवी, पलीकडे सख्खा भाऊ राहात असला तरी. नातेवाईक असा उंचावर राहणारा नसेल तर पंचायतीला विचारा की निवाऱ्यासाठी कोणती शाळा किंवा सभागृह ठरवले आहे, आणि तिथे पायऱ्या किती, शौचालय कसे, आईला चालेल का ते स्वतः पाहून या.

पूर ओसरल्यानंतरचे दोन धोके लोक हलके घेतात. विहिरीत पुराचे पाणी मिसळले असेल तर आरोग्य केंद्राकडून क्लोरीन टाकून घेईपर्यंत पाणी उकळूनच प्या. आणि चिखल उपसताना बूट घाला, पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप गोव्यात पावसाळ्यात दिसतो. चिखलात काम केल्यावर काही दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर मेडिकलमधून गोळी घेऊन थांबू नका, डॉक्टरना ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगा. पाण्याबरोबर साप घरात येतात. पलंगाखाली, चुलीमागे काठीने ठोकून मगच हात घाला. चावलाच तर बांधाबांध आणि चिरा देणे नको. हात-पाय न हलवता सरळ इस्पितळ.

अफवांबद्दल एकच नियम पुरतो. ज्या संदेशात तारीख, वेळ, ठिकाण आणि कुणी पाठवले हे नाही, तो पुढे पाठवायचा नाही. ‘धरण फुटले’ हा निरोप पावसाळ्यात फिरतोच, बहुधा दुसऱ्या राज्याच्या जुन्या चित्रफितीसकट. तुमच्याकडे आला तर पाठवणाऱ्याला विचारा, किंवा १०७७ ला फोन करून विचारा. खात्री झाली तरच दारे ठोका. मात्र तुमचा लाल पट्टा बुडाला असेल तर कुणाच्या खात्रीची वाट पाहू नका.

सायरनची मागणी करायची असेल तर जरूर करा, पण पावसाआधीच्या ग्रामसभेत त्याच्यासोबत आणखी तीन गोष्टी मागा. वरच्या गावांतून पाणी तुमच्या वाड्यावर पोचायला किती तास लागतात हे जलस्रोत खात्याने पंचायतीला लेखी सांगावे. दरवाजे उघडण्याची सूचना प्रभागातल्या दोन ठरलेल्या माणसांना थेट फोनवर मिळावी. आणि वाड्यावरच्या चार-पाच मुला-मुलींना ‘आपदा मित्र’ या आपत्ती-स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणासाठी पाठवावे. अर्जाची पोच घ्या, मामलेदार कार्यालयाला प्रत द्या. सरपंच बदलला तरी पोच राहते.

तुमच्या घराचे जोते नदीच्या काठापासून किती उंच आहे, मागे डोंगर आहे का, आणि साकव कोणत्या बाजूला पडतो, एवढे तिन्ही लिहून पाठवा. पट्टा कुठे मारायचा ते मग आपण जास्त नेमके बोलू.